यकृत वाढायला लागण्याआधीचे बारा तास: आरएनए कोण, कधी आणि किती बनवतं?

नमस्कार. यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला तरी ते पुन्हा वाढून आपल्या मूळ वजनाला येतं, हे तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथेच संपते. पेशी विभागल्या, यकृत वाढलं, झालं. मला आज त्याच्या आधीच्या वेळेबद्दल बोलायचंय.

रॅट जातीच्या उंदरात शस्त्रक्रियेनंतर यकृतपेशी आपला डीएनए दुप्पट करायला घेतात ते साधारण बारा-चौदा तासांनी. त्याचा जोर सर्वात जास्त असतो तो चोविसाव्या तासाच्या आसपास. लहान माऊस उंदरात हाच टप्पा आणखी उशिरा येतो, छत्तीस ते चाळीस तासांनी. मग मधल्या वेळात पेशी करत काय असतात? सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर विभागणारी पेशी जवळजवळ दिसणार नाही. पण केंद्रकात आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकला, बनवण्याची प्रचंड धांदल चाललेली असते. विभागायचं की नाही, हे ठरतं ते याच तासांत, आणि आरएनएच्या पातळीवर ठरतं. आजचा सगळा व्हिडिओ या एका मुद्द्यावर आहे.

आधी प्रयोग काय असतो ते बघू. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी रॅटवर केलेली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि आजही जगभर तीच पद्धत वापरली जाते. रॅटच्या यकृताचे वेगवेगळे खंड असतात. त्यातला मधला आणि डावा बाहेरचा, असे दोन मोठे खंड मुळाशी बांधून काढून टाकायचे. दोन-तृतीयांश यकृत गेलं. उरलेल्या खंडांना चीरसुद्धा पडलेली नसते. काढलेले खंड पुन्हा उगवत नाहीत, उरलेले खंडच फुगत जातात आणि आठवडा-दहा दिवसांत वजन भरून निघतं.

या प्रयोगाची खरी किंमत इथे आहे. उरलेल्या खंडात जखम नाही, मेलेल्या पेशींचा ढिगारा नाही, आणि सगळ्या पेशींना घड्याळ लावल्यासारखा एकाच क्षणी इशारा मिळतो. त्यामुळे पंधराव्या मिनिटाला काय झालं, दुसऱ्या तासाला काय झालं, असं तासवार बघता येतं. जिवंत प्राण्याच्या अवयवात ही सोय फार क्वचित मिळते.

[पडद्यावर: यकृताचे खंड, काढलेले दोन फिकट, उरलेले गडद]

आता, आरएनए खरंच गरजेचा आहे का, की तो नुसता वाढतो? साठच्या दशकात हे तपासलं गेलं. ॲक्टिनोमायसिन डी नावाचं एक औषध आहे. ते डीएनएला चिकटतं आणि त्यावरून आरएनए बनणं थांबवतं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत हे औषध दिलं, तर कितीतरी तासांनी व्हायची ती डीएनए-निर्मितीच होत नाही. म्हणजे त्या सुरुवातीच्या तासांत बनलेल्या आरएनएशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

पण 'आरएनए-निर्मिती वाढली' हे मोजायचं कसं? यावर मी थोडा थांबणार आहे, कारण इथे बरीच गफलत होऊ शकते. त्या काळी प्राण्याला किरणोत्सारी कार्बन असलेलं ओरोटिक आम्ल टोचायचे. यकृत ते भराभर उचलतं, त्यापासून यूटीपी, म्हणजे आरएनएची एक वीट, बनवतं आणि ते आरएनएत घालतं. मग आरएनए वेगळा काढायचा आणि त्यात किरणोत्सार किती आला ते मोजायचं. आकडा वाढला की म्हणायचं, निर्मिती वाढली. पण शस्त्रक्रियेनंतर पेशीतला यूटीपीचा साठाच बदलला असेल तर? उरलेल्या थोड्या यकृतात तेवढंच ओरोटिक आम्ल शिरलं, तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला जास्त येणार. आरएनए तेवढाच बनला तरी तो जास्त चमकणार. म्हणून पुढच्या काळजीपूर्वक कामांत यूटीपीचा किरणोत्सारही वेगळा मोजला गेला आणि त्यानुसार आकडे सुधारले गेले. तरीही वाढ उरलीच. शिवाय केंद्रकं वेगळी काढून परीक्षानळीत त्यांच्याकडून आरएनए बनवून घेतला, तेव्हाही हेच दिसलं.

मग हे काम करतं कोण? १९६९ साली रॉबर्ट रोडर आणि विल्यम रटर यांनी दाखवलं की आपल्यासारख्या जीवांच्या पेशींत आरएनए बनवणारं विकर एकच नसतं, अनेक असतात. आज आपण त्यांना पॉलिमरेज एक, दोन आणि तीन म्हणतो. पॉलिमरेज एक न्यूक्लिओलसमध्ये, म्हणजे केंद्रकातल्या एका गडद ठिपक्यात बसून रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, मोठा आरएनए बनवतं. पॉलिमरेज दोन संदेशवाहक आरएनए बनवतं, म्हणजे प्रथिनांचे निरोप. पॉलिमरेज तीन वाहक आरएनए आणि रायबोसोमचा एक छोटा तुकडा, ५एस आरएनए, बनवतं.

यांना ओळखायची एक खूण आहे, आणि यकृताच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची. अमानिटा फॅलॉइडिस नावाच्या विषारी अळिंबीत अल्फा-अमानिटिन असतं. ते पॉलिमरेज दोनला अगदी थोड्या मात्रेत जखडून टाकतं, तीनला जास्त मात्रा लागते, आणि एकला ते जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून प्रयोगशाळेत कुठलं पॉलिमरेज काम करतंय हे ओळखायला ते वापरतात. आणि हीच अळिंबी कुणी चुकून खाल्ली तर यकृत निकामी होतं, कारण यकृतपेशी ते विष रक्तातून उचलून आत घेतात आणि त्यांचं पॉलिमरेज दोन बंद पडतं. नवे निरोप निघेनासे झाले की यकृतपेशी फार काळ तग धरू शकत नाही.

आता शस्त्रक्रियेच्या क्षणापासून तासवार जाऊ.

आतड्यांकडून येणारं रक्त आधी पूर्ण यकृतातून वाहायचं. ते सगळंच्या सगळं आता एक-तृतीयांश यकृतातून जायला लागतं. काही मिनिटांत फरक जाणवतो. यकृतात राहणाऱ्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या भक्षक पेशी, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ हे इशारा देणारे रेणू सोडतात. यकृतपेशींवर त्यांचा इशारा पडतो आणि आत दोन प्रथिनं जागी होतात: एनएफ-कॅपा-बी अर्ध्या तासाच्या आत, आणि एसटीएटी-३ एक-दोन तासांत. गंमत बघा, ही दोन्ही पेशीत आधीपासून तयार असतात. नवीन बनवायची गरजच नाही. फक्त मोकळं करायचं, केंद्रकात पाठवायचं, आणि ती ठरावीक जनुकांवर जाऊन बसतात.

त्यामुळे पहिली जनुकं विलक्षण वेगानं बोलायला लागतात. सी-फॉस या जनुकाचा निरोप अर्ध्या तासात शिखरावर जातो आणि दोनेक तासांत ओसरतोसुद्धा. सी-जून, सी-मिक त्याच्या मागोमाग. यांना तत्काळ-आद्य जनुकं म्हणतात, आणि त्यांची कसोटी सरळ आहे: सायक्लोहेक्झिमाइड देऊन नवं प्रथिन बनणं पूर्ण बंद करा, तरीही यांचा आरएनए बनतोच. रिबेका टाउब यांच्या गटानं १९९३ साली सत्तर जनुकांचा नऊ दिवसांचा आलेख मांडला. काही जनुकं क्षणभर चमकून विझतात, काही दिवसभर चालू राहतात, काही दोनदा उसळतात. हा आलेख मला फार आवडतो, कारण 'आरएनए वाढला' या दोन शब्दांत किती वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात ते त्यात दिसतं.

पण एक सावधगिरी. नुसतं पोट उघडून पुन्हा शिवलं, यकृताला हात लावला पण कापलं नाही, तरी सी-फॉससारखी काही जनुकं जागी होतातच. मग पेशी विभागत का नाहीत? कारण पहिल्या लाटेनं पेशी फक्त तयारीत येते. तिथून ती परत शांत होऊ शकते. पुढे जायला एचजीएफ आणि ईजीएफच्या जातीचे वाढघटक लागतात, आणि पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या सायक्लिन डी-१ या प्रथिनाचा निरोप पुरेसा जमा झाला की मगच परतीची वाट बंद होते. म्हणून सी-फॉस वाढलेला दिसला की 'पुनर्जनन सुरू झालं' असं कुणी लिहिलं तर मला ते पटत नाही. तो फक्त पहिला निरोप आहे.

याच वेळी डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, तिथेही हालचाल होते. १९६८ साली व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी याच रॅटच्या यकृतात दाखवलं की हिस्टोनवर ॲसिटिल गट बसण्याचं प्रमाण आरएनए-निर्मिती वाढण्याच्या आधीच बदलतं. म्हणजे जागा आधी सैल होते, वाचन नंतर. आज हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं. पण त्या काळी हिस्टोन म्हणजे डीएनए बांधून ठेवायचा निव्वळ सांगाडा, असाच समज होता. त्या समजाला धक्का देणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांत पुन्हा वाढणारं यकृत होतं.

आता एक अडचण लक्षात घ्या. यकृताला वाढायचंय, पण सुट्टी नाहीये. रक्तातली साखर सांभाळायची, अल्ब्युमिन बनवायचं, रक्त गोठवणारे घटक बनवायचे, अमोनिया काढायचा, आणि हे सगळं एक-तृतीयांश पेशींनी करायचं. चालू गिरणीत नवी यंत्रं बसवायची आणि माल निघणं एक दिवसही थांबू द्यायचं नाही, तसं हे काम आहे. आरएनएच्या बाजूनं हा तोल सांभाळणारी, जनुकांवर बसून त्यांना चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची एक जोडी माहीत आहे: सी/ईबीपी अल्फा आणि सी/ईबीपी बीटा. शांत यकृतपेशीत अल्फा भरपूर असतो. तो चयापचयाची जनुकं चालू ठेवतो आणि विभाजनाला आवर घालतो. शस्त्रक्रियेनंतर अल्फा घटतो, बीटा वाढतो. दोघं जवळपास सारख्याच डीएनए-खुणांवर बसतात. त्यामुळे बरीचशी यकृताची जनुकं वाऱ्यावर सोडली जात नाहीत, पण आवर मात्र सैल होतो. ज्या माऊस उंदरांत बीटाच नसतो, त्यांच्यात पुनर्जनन कमी पडतं.

आणि आता माझ्या मते या विषयाचा गाभा, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. रायबोसोम.

पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ऐंशी टक्के हा रायबोसोमचा आरएनए असतो. म्हणजे साठच्या दशकात जी 'आरएनए-निर्मितीतली वाढ' मोजली गेली, तिचा मोठा वाटा सी-फॉसचा नव्हताच, न्यूक्लिओलसचा होता. शस्त्रक्रियेनंतर यकृतपेशींचे न्यूक्लिओलस डोळ्यांना दिसतील इतके फुगतात. एक रायबोसोम बनवायला चार प्रकारचे आरएनए आणि सुमारे ऐंशी प्रथिनं लागतात. तीन आरएनए पॉलिमरेज एककडून, चौथा पॉलिमरेज तीनकडून, आणि ऐंशी प्रथिनांचे निरोप पॉलिमरेज दोनकडून. तिघांचं गणित जुळलं पाहिजे. एकानं जास्त बनवून उपयोग नाही, दुसरे मागे पडले तर सुटे भाग नुसते पडून राहतात. हे गणित जुळवण्यात एमटॉर नावाच्या प्रथिनाचा मोठा हात आहे. पेशीला अमिनो आम्लं पुरेशी आहेत का, वाढघटक आलेत का, हे पाहून ते पॉलिमरेज एक आणि तीनला मोकळं सोडतं किंवा रोखून धरतं. एमटॉर दाबणारं रॅपामायसिन हे औषध दिलं की यकृताचं पुनर्जनन मंदावतं.

[पडद्यावर: न्यूक्लिओलस, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर]

आता तो प्रयोग, ज्याच्यासाठी मी हा विषय निवडला. २००० साली एक शोधनिबंध आला. त्यात माऊस उंदरांच्या यकृतातून एस-६ या रायबोसोमच्या प्रथिनाचं जनुक, उंदीर मोठे झाल्यावर, काढून टाकलं होतं. एस-६ नाही म्हणजे रायबोसोमचा लहान भाग नव्यानं बनू शकत नाही. जुने रायबोसोम आहेत, ते काम करतायत. आधी या उंदरांना उपाशी ठेवलं, यकृत आक्रसलं. मग खायला दिलं. यकृत पुन्हा नीट वाढलं. पेशी मोठ्या होऊ शकत होत्या, प्रथिनं बनवू शकत होत्या. मग दोन-तृतीयांश यकृत काढलं. आणि पेशी विभागल्याच नाहीत.

यात खाचखळगे आहेत, म्हणून जवळून बघू. सायक्लिन डी आणि त्याचा जोडीदार सीडीके-४ यांचं सक्रिय संकुल या पेशींत तयार झालं होतं. म्हणजे बाहेरचा इशारा पोचला होता, आतले सुरुवातीचे निरोपही निघाले होते. तरी त्यापुढचा सायक्लिन ई आलाच नाही. पेशीकडे प्रथिनं बनवायची ताकद होती, तरी ती थांबली. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की नवे रायबोसोम बनतायत की नाही, यावर पेशीची एक तपासणी-चौकी आहे. तिथे अडलं की विभाजन पुढे जात नाही.

ही चौकी चालते कशी, ते पुढे इतर पेशींवरच्या कामांतून उलगडलं. रायबोसोमची बांधणी बिघडली की ५एस आरएनए आणि त्याच्यासोबतची एल-५ आणि एल-११ ही प्रथिनं शिल्लक राहतात. ही तिघं मिळून एमडीएम-२ या प्रथिनाला पकडतात. एमडीएम-२चं रोजचं काम म्हणजे विभाजन रोखणाऱ्या पी-५३ या प्रथिनाला नष्ट करत राहणं. तेच अडकलं की पी-५३ साचतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. इथे ५एस आरएनए स्वतःच खबर देतो. पॉलिमरेज तीननं बनवलेला तो इवलासा रेणू पेशीला कळवतो की बाकीच्या दोघांशी मेळ बसलेला नाही. मला यापेक्षा सुंदर नियंत्रण क्वचितच माहीत आहे.

आता दुसरी बाजू. आतापर्यंत आपण आरएनए बनण्याबद्दल बोललो. पण पेशीत एखादा निरोप किती आहे, हे तो किती वेगानं बनतो आणि किती वेगानं तुटतो, या दोन्हींवर ठरतं. केंद्रकं वेगळी काढून, त्या घडीला कुठल्या जनुकावर पॉलिमरेज चालू आहे हे मोजायची एक रीत आहे, न्यूक्लिअर रन-ऑन. तिनं पुनर्जननातलं सी-मिक तपासलं तेव्हा दिसलं की निरोप जितका वाढतो, तितकी ट्रान्सक्रिप्शनची, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याची, गती वाढलेली नसते. उरलेली वाढ निरोप जास्त टिकल्यामुळे. सी-फॉस आणि सी-मिक या दोघांच्या निरोपांच्या शेपटाकडे ए आणि यू या अक्षरांची गर्दी असलेला भाग असतो, आणि तो त्यांना लवकर तुटायला लावतो. कुणाला कधी तुटू द्यायचं, हेसुद्धा नियंत्रणच. त्यात सूक्ष्म आरएनए, म्हणजे निरोपांना दाबणारे इवलेसे आरएनए, हेही येतात. शस्त्रक्रियेनंतर एमआयआर-२१ वाढतो. आणि यकृतपेशींत सूक्ष्म आरएनए घडवणारं डीजीसीआर-८ काढून टाकलं, तर पेशी डीएनए दुप्पट करायच्या टप्प्यावर उशिरा पोचतात.

थांबवणं कसं होतं, हे थोडक्यात सांगतो. ज्या एसटीएटी-३नं सुरुवातीचे निरोप काढले, तेच एसओसीएस-३चाही निरोप काढतं, आणि एसओसीएस-३ परत येऊन इंटरल्युकिन-६चा इशारा दाबतं. म्हणजे आवरायची सोय सुरू करतानाच लिहिलेली असते. पुढे टीजीएफ-बीटा विभाजनाला लगाम घालतं, आणि यकृताचं वजन शरीराच्या मानानं पुरेसं झालं की न्यूक्लिओलस पुन्हा लहान होतात.

आणि आता म्हातारपण. वय झालेल्या उंदरांचं यकृतही वाढतं, पण संथ आणि अपुरं. हे का होतं? जनुकं झिजलीत का? २००३ साली निघालेलं उत्तर आपल्या विषयातलंच आहे. म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात सी/ईबीपी अल्फा, आरबी, ई२एफ-४ आणि ब्रह्म नावाचं प्रथिन यांचं एक संकुल बनतं. ते विभाजनाला लागणाऱ्या जनुकांच्या सुरुवातीच्या जागांवर ठाण मांडून बसतं आणि शस्त्रक्रियेनंतरही हलत नाही. सी-मिकसारख्या जनुकांचं वाचन तिथेच अडतं.

मग २००५ साली एका गटानं तरुण आणि म्हाताऱ्या माऊस उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांशी जोडलं, दोघांत एकच रक्त खेळतं ठेवलं. म्हाताऱ्याच्या यकृतात विभागणाऱ्या पेशींची संख्या वाढली, आणि अल्फा-ब्रह्मचं ते संकुल तरुण उंदरांइतकं खाली आलं. जनुकं तीच होती. त्यांच्यावर बसलेलं ओझं रक्तातल्या कशामुळे तरी उतरलं. ते 'काहीतरी' पुनर्जननाच्या पहिल्या तासांत ट्रान्सक्रिप्शनपर्यंत कसं पोचतं, याचा शोध यकृतावर काम करणारे अनेक गट घेतायत. मोठी गाठ काढायची असते आणि रुग्णाचं उरणारं यकृत म्हातारं किंवा चरबीनं भरलेलं असतं, तेव्हा किती कापायचं हे शल्यविशारदाला टेबलावर ठरवावं लागतं. त्या निर्णयात यातली माहिती कधी वापरता येईल, याकडे माझं लक्ष आहे. त्यावर नवीन काम वाचलं की इथे घेऊन येईन.